पुसण्याची तरतूद

त्रुटीकाकांनी ते काम हातात घेतलं तेव्हा ते एका रविवारच्या दुपारचं काम होतं. तसं त्यांनी स्वतःच काकूंना सांगितलं होतं आणि काकूंनी ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहूनही ठेवलं होतं. पेन्सिलीनं लिहिलं, कारण लग्नाला चौतीस वर्षं झाली होती.

काम असं होतं. घरच्या कॉम्प्युटरवर एक बॅकअपचं सॉफ्टवेअर होतं. ते रोज सकाळी अकरा वाजता आपणहून जागं होई, नव्या फायली गोळा करी आणि त्यांची एकेक प्रत दूर कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रांवर नेऊन ठेवी. फाईल जशीच्या तशी, नावासकट. जगभरच्या लोकांनी मिळून ते फुकट बनवलं होतं. त्याचं पोट कुणालाही उघडून बघता येई आणि अंगात कुवत असेल तर त्यात भरही घालता येई. प्रती ठेवण्यासाठी त्याला बावीस कंपन्यांची दारं होती. काकांची मुलगी ज्या छोट्याशा कंपनीत कामाला होती, तिचं दार मात्र त्यात नव्हतं. काकांना ते तेविसावं दार बसवायचं होतं.

"बावीस आहेत ना?" वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणाले. ते रोज पेपर परत द्यायला येत आणि चहा झाल्याशिवाय पेपर हातातून सोडत नसत. "मग त्यातली एक धरा की. लोकांना एक दार मिळत नाही."

"त्या बाविसांत आपलं कुणी नाही," काका म्हणाले.

"आपलं माणूस असलं की जास्त जपून राहावं लागतं. आणि वारसाची नोंद? उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर त्या आभाळातल्या फायली कुणाच्या?"

खरं कारण बँकवाल्यांना सांगण्यासारखं नव्हतं, आणि काकूंना सांगायची गरज नव्हती.

काकूंचा एक नेम होता. सकाळी साडेसातला प्रार्थनेच्या पुस्तकाचं एक पान मोठ्यानं वाचायचं, आणि ते वाचून होईपर्यंत पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. ताप असो, पाहुणे असोत, पान म्हणजे पान. मुलगी, म्हणजे बारकी, त्या आवाजावर वेणी घालून घेत आणि दप्तर भरत मोठी झाली. ती नोकरीसाठी दूर गेली, तिथेच राहिली, आणि टेबलासमोरची तिची खुर्ची रिकामी झाली. काकू मात्र त्याच आवाजात, त्याच खुर्चीकडे तोंड करून वाचत राहिल्या. काकांना ते बघवेना. खुर्ची हलवावी म्हटलं तर तसं म्हणायची त्यांची छाती होईना. म्हणून त्यांनी तिच्यावर मोबाईल ठेवला आणि ध्वनिमुद्रण सुरू केलं. निदान कुणीतरी ऐकतंय असं दिसावं. तेव्हापासून पुस्तकाच्या जवळजवळ तीन फेऱ्या होत आल्या होत्या. हजारावर पानं. कॉम्प्युटरमध्ये ती एका फोल्डरमध्ये होती, आणि प्रत्येकाच्या नावात फेरी, पान आणि तारीख होती, कारण काका शेवटी काका होते.

बारकी फक्त रविवारी फोन करायची. सात मिनिटं. काकांनी घड्याळ लावलं नव्हतं, पण त्यांना माहीत होतं. एका रविवारी ती बोलता बोलता म्हणाली, "आमची सगळी यंत्रं माझ्या टेबलाच्या खालच्याच मजल्यावर आहेत, बाबा. दिवसातून दहा वेळा जिना उतरते मी."

तेवढं ऐकून काकांनी फोन ठेवला आणि काकूंना सांगितलं, की एका दुपारचं काम आहे.

त्रुटीकाका हे नाव त्यांना घरात नाही, कचेरीत मिळालं होतं. एकतीस वर्षं ते छाननी कारकून होते. लोक अर्ज आणत, काका तो शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत, आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं लिहीत: 'त्रुटीपूर्ततेसाठी परत.' पहिल्या फेरीत पार पडलेला अर्ज त्यांच्या टेबलानं पाहिला नव्हता. शेवटची दहा वर्षं कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे पळाले आणि हे अडकले. अडकले ते असे, की निवृत्त होईपर्यंत थोडंफार प्रोग्रॅमिंग त्यांना येऊ लागलं होतं. म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेलं वाचून त्यातल्या चुका काढता येत होत्या. स्वतः लिहिणं ही निराळी गोष्ट आहे, हे त्यांना पुढच्या चार महिन्यांत कळायचं होतं.

दार बसवायचं म्हणजे चार कामं लिहायची होती: फाईल ठेवणं, फाईल आणणं, यादी देणं आणि फाईल पुसणं. पहिली तीन त्यांनी शेजारच्या दाराची बिजागरी बघून बघून लिहिली. त्याला एका दुपारऐवजी अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी सकाळी अकरा वाजता सॉफ्टवेअर जागं झालं आणि काकूंची पानं एकामागून एक निघाली. खातं बारकीनंच काढून दिलं होतं. दीड दिवसात सगळी पोचली. काका तेवढा वेळ पडद्यासमोर बसून होते, स्टेशनवर पोचवायला आलेल्या माणसासारखे.

"गेली," ते म्हणाले.

"नीट गेली ना?" काकू म्हणाल्या. "मग जेवून घ्या."

त्या रविवारी काकूंनी फोनवर मुद्दामच सहज विचारलं, "अगं, तुझ्या तिथे माझी पानं आलीत म्हणे. ऐकलीस का?"

"हो, बघते ना आई. वेळ मिळाला की."

'वेळ मिळाला की' याचा अर्थ दोघांनाही माहीत होता. काकाच कचेरीत तेच लोकांना सांगत आले होते. काकूंनी विषय बदलून तिकडच्या थंडीची चौकशी केली. पुढच्या रविवारी त्यांनी विचारलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

इथवर सगळं घरातलं होतं. पण काकांनी बसवलेलं दार फक्त त्यांच्या कॉम्प्युटरवर होतं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की ते गळून पडणार, आणि नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येई. दार टिकायला हवं असेल तर ते मूळ सॉफ्टवेअरमध्येच मंजूर होऊन जायला हवं. म्हणजे अर्ज करणं आलं. अर्ज म्हटल्यावर काकांची छाती दोन बोटं पुढे आली. त्या क्षेत्रात त्यांना कोण शिकवणार होतं?

ते सॉफ्टवेअर सांभाळणारी जी मुख्य व्यक्ती होती, तिनं नावाऐवजी खारीचं चित्र लावलं होतं. ती बाई आहे की बुवा, तरुण आहे की म्हातारी, कुठे राहते, काही पत्ता नव्हता. काका तिला खारूताई म्हणत. त्यांनी खारूताईला रीतसर लिहिलं: उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, वगैरे. खारूताईचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आभार मानले होते. उपरोक्त विषय कुठे आहे असं विचारलं होतं. आणि खाली सतरा त्रुटी काढल्या होत्या.

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा मोजल्या. सतराच.

"ओळी लांब आहेत म्हणते," ते काकूंना वाचून दाखवू लागले. "नावं सुसंगत नाहीत म्हणते. माहितीपत्रक जोडलेलं नाही. आणि हे ऐका, 'लिहिण्याआधी कृपया सूचना वाचाव्यात.' मला. एकतीस वर्षं मी काय केलं?"

"हेच," काकू शांतपणे म्हणाल्या.

त्या कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं लागायला वेळ लागे, पण लागे. काका तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी सतरा त्रुटी समासात आकडे घालून लिहून काढल्या आणि एकेक पूर्ण करायला बसले.

मधेच त्यांना वाटलं, की आपल्या प्रस्तावाला वजन कमी पडतंय. अर्ज म्हटला की सोबत कागदपत्रं हवीत. म्हणून त्यांनी दुसऱ्या फेरीत सोबत जोडलेल्या कागदांची यादी दिली, आणि त्यात अनुक्रमांक चारवर बारकीनं दिलेल्या गुप्त किल्लीची खरी प्रत जोडली. ही किल्ली म्हणजे पन्नास-साठ अक्षरांची एक ओळ. ती ज्याच्याकडे असेल त्याला ते खातं उघडता येई. खारूताईच्या पानावर ती चव्हाट्यावर टांगली गेली, सगळ्या जगानं बघावी अशी. खाली काकांनी स्वतःच्या नावानं 'मूळ प्रतीबरहुकूम' असंही लिहिलं होतं.

खारूताईनं अर्ध्या तासात ती पुसून टाकली आणि एकाच ओळीचं पत्र लिहिलं: 'किल्ली ताबडतोब बदला. आणि कृपया मूळ प्रतीबरहुकूम काहीही पाठवू नका.'

किल्ली बदलण्यासाठी कंपनीच्या मदतकक्षाला लिहावं लागलं. मदतकक्षानं तक्रार क्रमांक दिला. खातं मुलीच्या नावावर, किल्ली बापाच्या हातात, चूक बापाची आणि सही मुलीची, असा घोळ झाला. अर्ज तीनदा परत आला. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा बँकवाले चहा पीत बसले होते.

"मी म्हणालो होतो, वारसाची नोंद," ते म्हणाले.

"यात वारस कुठून आला?"

"शेवटी सगळ्यात वारसच येतो हो." त्यांनी पेपर खाली ठेवला. "आमचा मुलगा तर रविवारीही फोन करत नाही. पण खात्यात पैसे वेळेवर येतात. मी पासबुक भरून आणतो आणि त्याची आई ते दोनदा वाचते."

त्या दिवशी काकांनी त्यांना दुसरा चहा दिला.

किल्ली बदलली. सतरा त्रुटींच्या नऊ झाल्या, नवाच्या चार, चाराची एक. ती एक मात्र हलेना.

ती होती पुसण्याची. काकांनी ते काम लिहिलं होतं, पण आपल्या पद्धतीनं. सॉफ्टवेअरनं 'ही फाईल पूस' असं म्हटलं की काकांचं दार 'कार्यवाही केली आहे' असं उत्तर देई आणि फाईल जिथल्या तिथे ठेवी. बाहेरच्याला वाटावं काम झालं. आतल्याला माहीत, काही झालेलं नाही. एकतीस वर्षांत काकांनी एकही कागद फाडला नव्हता. बाद झालेल्या अर्जांचीसुद्धा त्यांच्याकडे नस्ती, म्हणजे बांधलेली फाईल, होती, आणि त्या नस्तीच्या झाकणावर तिची स्वतःची अनुक्रमणिका होती. शिवाय आता त्या दारापलीकडे काकूंची पानं होती. बोटाच्या एका चुकीनं ती जाऊ शकतील असं दार आपल्याच हातानं का बसवायचं?

पण खारूताईकडे एक यंत्र होतं. ते प्रत्येक प्रस्ताव स्वतः चालवून बघे. त्यानं फाईल ठेवली, पुसायला सांगितली, यादी मागितली, आणि पुसलेली फाईल यादीत पहिल्या क्रमांकावर दिसली. लाल फुली. काकांनी खुलासा सादर केला. लाल फुली. काकांनी पुसण्याची विनंती 'विचाराधीन' ठेवावी अशी पर्यायी तरतूद सुचवली. खारूताईनं लिहिलं, 'जे दार पुसू शकत नाही ते मी आत घेऊ शकत नाही. लोकांनी काढून टाकलेल्या गोष्टी खरंच जायला हव्यात. तो त्यांचा हक्क आहे.'

तीन आठवडे घोडं तिथेच अडलं. नवी आवृत्ती यायला दहा दिवस उरले. काका सकाळी उठून खुर्चीवर मोबाईल ठेवत, काकू वाचत, आणि त्या वाचत असताना काकांना वाटे, दहा दिवसांनी ही पानं इथेच राहणार. हजारो मैल जाऊन त्या जिन्याखाली बसलेला काकूंचा आवाज इथून पुढे मुका होणार. कुणी ऐकत नव्हतं हे खरं. पण तो तिथे होता. दिवसातून दहा वेळा ती त्याच्या शेजारून जात होती.

"लिहून टाका ना हो," काकू एकदा म्हणाल्या. "पुसता येतं म्हणून काय आपण पुसणार आहोत का?"

"तसं नाही. एकदा तरतूद केली, की कधी ना कधी कुणीतरी ती वापरतो."

"मग वापरेल." काकूंनी पुस्तकात खूण ठेवली. "मी काही ते यंत्रासाठी वाचत नाही."

मंगळवारी दुपारी काकांनी ते लिहिलं. तीनच ओळी होत्या. आधी चहा घेतला, मग लिहिल्या, मग उठून हात धुतले.

आता सगळ्या चाचण्या घरी एकदा चालवून त्याचा निकाल जोडायचा होता. चाचणी कंपनीच्या यंत्रांवरच्या कुठल्या जागेत चालवायची, तिचं नाव विचारलं गेलं. सूचनांमध्ये ठळक अक्षरांत लिहिलं होतं, की यासाठी नवी, रिकामी जागा उघडावी. काकांनी ते वाचलं. पण एका विषयाची दुसरी नस्ती उघडणं हा त्यांच्या कचेरीत गुन्हा होता. त्याच गुन्ह्यावरून त्यांनी स्वतः दोघांना मेमो दिलेला होता. त्यांनी आपल्याकडे होती ती एकुलती एक जागा लिहिली आणि बटण दाबलं.

यंत्रानं फाईल ठेवली, आणली, यादी घेतली. शेवटी, घर झाडून निघावं तसं, जागेत जे जे होतं ते सगळं पुसलं, आणि जागा रिकामी झाल्याची खात्री करून घेतली. चौतीस चाचण्या, चौतीस हिरव्या खुणा. एकही त्रुटी नाही.

काकांना भरून आलं. त्यांनी निकाल पाठवला आणि उठून वरच्या मजल्यावर गेले, आयुष्यात पहिल्यांदा. बँकवाल्यांनी चौतीस हिरव्या खुणांचा कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला, आणि म्हणाले, "शिक्का कुठाय?"

बुधवारी सकाळी काकूंचं पान वाचून झालं, त्यांनी पाण्याचा पेला उचलला, आणि फोन वाजला. बारकीचा होता. बुधवारी. काकूंनी पेला न पिताच खाली ठेवला. काकांनी फोन उचलला.

"बाबा, आईची पानं कुठे गेली?"

"कुठली पानं?"

"इथली. एकही नाहीये. जागा रिकामी आहे. काल एकशे सोळापर्यंत झालं होतं माझं. आज इथल्या संध्याकाळी कामावरून सुटताना एकशे सतरावं लावायला गेले, तर काहीच नाही. तुम्ही काही केलंत का?"

चौतीस हिरव्या खुणा त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेल्या. आणि मग त्यांना कळलं, की मुलगी काय बोलली.

"एकशे सोळा काय?" त्यांनी विचारलं.

"पानं, बाबा. रोज एक. आली त्या दिवसापासून."

काकूंनी फोन घेतला. "तू ऐकतेस?"

"ऐकते गं."

"मग बोलली नाहीस ती."

"सांगितलं असतं तर तू माझ्यासाठी वाचायला लागली असतीस," बारकी म्हणाली. "सावकाश, नीट, एकेक शब्द. मला तसं नको होतं. मला शेजारच्या खोलीतून ऐकू यायचं ना, तसं हवं होतं. मधेच पान चिकटतं, तू थांबतेस, बाबा पाठीमागून म्हणतात, 'एक ओळ सुटली.' तसं."

"सुटली नव्हती," काकू म्हणाल्या. "ते म्हणतात आपलं."

"मला माहीतेय. मी पुस्तकात बघितलं."

"तिकडे पुस्तक आहे तुझ्याकडे?"

"घेतलं," बारकी म्हणाली. काकूंनी पदर डोळ्याला लावला नाही, त्यांची तशी सवय नव्हती. त्यांनी पुस्तक ओढलं, पानं मागे उलटली, एकशे सतरावं काढलं, फोन समोरच्या खुर्चीवर ठेवला, आणि वाचलं. एका दिवसात दोन पानं त्यांनी त्याआधी कधी वाचली नव्हती. पाणी त्यानंतर प्यायल्या.

काकांनी तोवर कॉम्प्युटर उघडला होता. घरच्या प्रती जागेवर होत्या, सगळ्या. परत पाठवायला हव्यात, एवढंच. त्यांनी कबुलीजबाब दिला, थोडक्यात, वरिष्ठांना देतात तसा. बारकी हसली. खूप दिवसांनी हसली.

"किती दिवस लागतील परत यायला?"

"बघावं लागेल," काका म्हणाले.

"तोवर मी रोज सकाळी फोन करते. आईच्या पानाच्या वेळी. चालेल?"

चालेल का, हे त्या घरात कुणाला विचारायची गरज नव्हती.

फोन ठेवल्यावर काकांनी हिशेब केला. दीड दिवस. गेल्या वेळी तेवढाच लागला होता. ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक बारीकशी सोय होती, वेगमर्यादेची. घरातल्या बाकीच्यांना इंटरनेट पुरावं म्हणून बॅकअपला दम धरायला सांगायची. काकांनी तिचा आकडा कमी केला. मग आणखी कमी केला. पडद्यावर दीड दिवसाचे चार झाले, चाराचे अकरा, अकराचे तेहेतीस. पुढे आकडा खाली जाईना. फाईल कशी अडवायची, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

"तेहेतीस?" काकू पाठीमागे येऊन उभ्या होत्या.

"कार्यालयीन प्रक्रिया आहे," काका म्हणाले.

काकू खोटं बोलत नसत आणि खपवूनही घेत नसत. त्या पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तिला विचारलं तर खरं सांगायचं," आणि आत गेल्या.

गुरुवारी सकाळी खारूताईचं पत्र आलं. प्रस्ताव मंजूर, नव्या आवृत्तीत तेविसावं दार, आभार. चार महिने ज्या पत्राची वाट बघितली ते काकांनी धड वाचलंही नाही, कारण साडेसात वाजले होते आणि फोन वाजत होता. शुक्रवारी वाजला. शनिवारी वाजला. काकू वाचत, पान चिकटे, काका पाठीमागून म्हणत, 'एक ओळ सुटली,' आणि पलीकडून बारकी म्हणे, "नाही सुटली, बाबा." पान झालं की ती दोन शब्द बोलायची. दोनाचे वीस होत.

सहाव्या दिवशी पान संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, फोन घ्या जरा."

काकांनी घेतला.

"आत्ता खाली जाऊन बघितलं मी. तुमची पानं फार हळू येताहेत."

"लाईन," काका म्हणाले, आणि काकूंनी त्यांच्याकडे बघितलं.

"लाईन खराब असली की आलेख वरखाली होतो, बाबा. रोज बघते मी. तुमचा पट्टीनं आखल्यासारखा सरळ आहे."

एकतीस वर्षांत टेबलाच्या त्या बाजूला ते कधी बसले नव्हते. "हो," ते म्हणाले. "मीच केलंय ते. वेगमर्यादा घातलीय."

पलीकडे जिन्यावर पावलं वाजत होती. ती चालता चालता बोलत होती.

"वेग यापेक्षा कमी होतो का," बारकी म्हणाली, "बघा ना."